पुणे जगापासून किती तासांवर आहे?

पुणे ते सॅन फ्रान्सिस्को हे सरळ हवाई अंतर सुमारे १३,५०० किलोमीटर भरते. लांब पल्ल्याचे आजचे प्रवासी विमान ताशी साधारण ९०० किलोमीटर वेगाने जाते, म्हणजे हिशेबाने हा प्रवास पंधरा तासांचा. प्रत्यक्षात कोथरूडहून निघालेले आजी-आजोबा कॅलिफोर्नियात नातवंडांच्या दारी पोचेपर्यंत सव्वीस, अठ्ठावीस, कधी तीस तासही उलटतात. त्या भागात मराठी माणूस किती मोठ्या संख्येने स्थिरावला आहे, हे २०२४ मध्ये बृहन्महाराष्ट्र मंडळाचे अधिवेशन सॅन होजेला भरले तेव्हा सगळ्यांना दिसले. पुण्याचे आणि त्या किनाऱ्याचे नाते आता जवळपास प्रत्येक सोसायटीत सापडते. तरीही मधले हे दहा-पंधरा जादा तास कुठे जातात, याचा हिशेब कुणी मांडत नाही. तिकिटावर दोन वेळा छापलेल्या असतात आणि त्यांच्यातली वजाबाकी म्हणजेच प्रवास, असे आपण धरून चालतो. विमानतळाबद्दलची आपली सगळी चर्चाही याच समजुतीवर उभी आहे: किती शहरे जोडली, किती उड्डाणे वाढली, टर्मिनल किती मोठे झाले. पुण्याने हे माप बदलावे, असे मला वाटते. एखादे शहर आपल्यापासून किती दूर आहे हे घराच्या दारापासून तिथल्या दारापर्यंतच्या तासांत मोजावे आणि लोहगाव, पुरंदर, नवी मुंबई या तिन्ही विमानतळांबाबतचे निर्णय त्याच मापाने तपासावेत.

आधी अंतराचेच पाहू, कारण तेही वाटते तितके स्थिर नसते. भिंतीवरच्या सपाट नकाशात पुण्याहून कॅलिफोर्नियाला जायचे तर अटलांटिक तरी ओलांडावा किंवा पॅसिफिक तरी, असे वाटते. पृथ्वीच्या गोलावर दोरी ताणून पाहिली तर वेगळेच चित्र दिसते. पुण्यातून निघालेली सर्वांत जवळची वाट जवळजवळ उत्तरेला जाते. हिमालय, तिबेटचे पठार आणि सायबेरिया ओलांडून ती आर्क्टिक महासागरावर ७५ अंश अक्षांशाच्याही वर पोचते आणि मग अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडे उतरते. मात्र या वाटेने विमान सहसा नेले जात नाही. केबिनमधला हवेचा दाब अचानक गेला तर विमानाला काही मिनिटांत सुमारे दहा हजार फुटांपर्यंत खाली यावे लागते, कारण प्रवाशांच्या डोक्यावरून सुटणारे ऑक्सिजनचे मास्क फार वेळ पुरत नाहीत. तिबेटच्या पठाराची सरासरी उंचीच साडेचार हजार मीटर, म्हणजे जवळपास पंधरा हजार फूट. खाली यायला तिथे जागाच नाही. त्यामुळे वाट वळवावी लागते. जानेवारी २०२१ मध्ये एअर इंडियाने सॅन फ्रान्सिस्को-बंगळुरू हे विनाथांबा उड्डाण सुरू केले. पहिल्या उड्डाणात वैमानिक कक्षात सगळ्या महिला होत्या आणि विमान उत्तर ध्रुवावरून आले. त्याचे कौतुक झाले ते योग्यच होते. पण त्या उड्डाणाने आणखी एक गोष्ट दाखवली. अंतर तेच असते. वाट, विमान आणि धावपट्टी मिळाली की शहर जवळ येते.

वाट मिळणे ही आज राजकारणाची बाब आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये बालाकोटनंतर पाकिस्तानने आपले आकाश भारतीय विमानांना बंद केले, ते जुलैच्या मध्यात उघडले. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर ते पुन्हा बंद झाले. दिल्लीहून उत्तर अमेरिकेला जाणाऱ्या एअर इंडियाच्या काही विमानांना इंधनासाठी युरोपात उतरावे लागू लागले. इंडिगोला तर अल्माटी आणि ताश्कंदची सेवाच थांबवावी लागली. दिल्ली ते अल्माटी हे सरळ अंतर सुमारे १,६५० किलोमीटर, म्हणजे पुणे-दिल्लीपेक्षा पाचेकशे किलोमीटरच जास्त. पण वळसा घेऊन जायचे झाले तर ते शहर कंपनीच्या त्या विमानांच्या पल्ल्याबाहेर गेले. भूगोल जागच्या जागी राहिला आणि शहर दूर गेले. वाऱ्याचेही तसेच. या अक्षांशांवर उंच आकाशातला वेगवान वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, म्हणून मुंबईहून लंडनला जायला लागणारा वेळ परतीपेक्षा अर्धा-एक तासाने जास्त असतो. इंटरनेटवर दोन शहरांची नावे टाकली की क्षणात मिळणारे अंतर आणि उड्डाणवेळ यांतले काहीही सांगत नाही. ती संख्या गोलावरच्या रेषेची असते, प्रवासाची नसते.

तरीही आकाशातला हा भाग बऱ्यापैकी बंदिस्त आहे. त्यात आता मोठी कपात होण्यासारखी नाही, आणि माझ्या युक्तिवादाचा कणा हाच आहे. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे निघाले आणि १० जूनला लंडनला पोचले. बारा वर्षांनी, १९६० मध्ये कंपनीकडे बोइंग ७०७ ही जेट विमाने आली आणि तोच प्रवास एका दिवसाच्या आत आला. ही खरी झेप होती. पण त्या ७०७चा वेग आणि आजच्या ड्रीमलायनरचा वेग यांत म्हणण्यासारखा फरक नाही. दोन्ही ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास. ध्वनीपेक्षा वेगवान काँकॉर्ड २००३ मध्ये निवृत्त झाले आणि त्याची जागा कुणी घेतली नाही. गेल्या साठ-पासष्ट वर्षांत विमाने अधिक सुरक्षित झाली, इंधन कमी पिऊ लागली, लांबवर जाऊ लागली, तिकिटे आवाक्यात आली. वेगवान मात्र झाली नाहीत. त्याच काळात जमिनीवरचा वेळ वाढत गेला. सुरक्षा तपासणी कडक झाली, विमानतळ शहरांपासून लांब गेले आणि रस्ते तुंबले. म्हणून दोन शहरांमधला वेळ कमी करायचा असेल तर तो जमिनीवरच कमी होऊ शकतो. आणि जमीन ही महापालिका, पीएमआरडीए, राज्य सरकार, हवाई दल आणि भारतीय विमानतळ प्राधिकरण यांच्या हातातली गोष्ट आहे.

दिल्लीचे उदाहरण घेऊ, कारण पुण्याहून सर्वाधिक मागणी असलेल्या मार्गांपैकी तो एक आहे. हवाई अंतर सुमारे १,१६० किलोमीटर. विमान प्रत्यक्ष हवेत दीड-पावणेदोन तास असते. वेळापत्रकात सव्वादोन तासांच्या आसपास लिहितात, कारण त्यात धावपट्टीकडे जाणे, थांबणे आणि उतरल्यावर जागेवर येणे हेही धरलेले असते. आता हिंजवडीतून संध्याकाळी निघालेला प्रवासी डोळ्यांसमोर आणा. लोहगाव तिथून पंचवीस-सव्वीस किलोमीटर. वाहतूक बघता दीड तास हाताशी ठेवावा लागतो. उड्डाणाच्या दोन तास आधी पोचा, असे कंपन्या सांगतात. दिल्लीत उतरून बाहेर पडायला अर्धा-पाऊण तास आणि मुक्कामी पोचायला आणखी तासभर. बेरीज सात-साडेसात तासांची होते आणि त्यात विमानाचा वाटा एक-तृतीयांशही नाही. १,१६० किलोमीटरला साडेसात तास म्हणजे ताशी दीडशे किलोमीटर. हा वेग आगगाडीच्या जवळचा झाला. मुंबई-पुण्याच्या बाबतीत तर हा निकाल कधीच लागलेला आहे. या दोन शहरांत हवाई अंतर १२० किलोमीटरच्या आसपास. विमान हवेत जेमतेम अर्धा तास. तरीही ही सेवा पुनःपुन्हा सुरू झाली आणि पुनःपुन्हा बंद पडली, कारण शिवाजीनगरहून गाडीत बसलेला माणूस दादरला उतरून कामाला लागलेला असतो तेव्हा विमानाचा प्रवासी अजून सामानाच्या पट्ट्यापाशी उभा असतो. प्रवासी भावनेने निर्णय घेत नाहीत, दारापासून दारापर्यंतचा वेळ मोजूनच घेतात. हिशेब ठेवत नाहीत त्या फक्त यंत्रणा.

युरोपात हे माप अधिकृतपणे स्वीकारलेले आहे. युरोपीय आयोगाने २०११ मध्ये विमान वाहतुकीची २०५० पर्यंतची दिशा ठरवणारा ‘फ्लाइटपाथ २०५०’ हा दस्तऐवज प्रसिद्ध केला. युरोपांतर्गत नव्वद टक्के प्रवाशांचा प्रवास दारापासून दारापर्यंत चार तासांत व्हावा, असे उद्दिष्ट त्यात ठेवले आहे. ते गाठले जाईल की नाही हा प्रश्न वेगळा. पण उद्दिष्टाची भाषा पाहा: त्यात विमानांची संख्या नाही, टर्मिनलचे चौरस मीटर नाहीत, माणसाचा वेळ आहे. आपल्याकडे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय विमान कंपन्यांच्या वक्तशीरपणाची आकडेवारी दरमहा देते, पण वक्तशीरपणा मोजला जातो तो फक्त विमानाचा. विमान वेळेवर सुटले, एवढ्याने प्रवासी वेळेवर पोचला असे होत नाही.

आता लोहगाव. ब्रिटिशांनी १९३९ मध्ये मुंबईच्या हवाई संरक्षणासाठी उभारलेला हा तळ आजही प्रथम हवाई दलाचा आहे. १९९७ मध्ये सुखोई-३० विमाने भारतात आली ती पहिल्यांदा इथेच. नागरी विमानतळ हा त्या तळावरचा एक कोपरा आहे. धावपट्टी एकच, सुमारे २,५३५ मीटर लांबीची, आणि तिच्यावर लढाऊ विमानांचा सराव आणि रोजची दोनशेच्या आसपास नागरी विमानांची ये-जा. इथे भूगोलाचा एक धडा आहे, जो पुण्याच्या चर्चेत फारसा येत नाही. लोहगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ५९० मीटर उंचीवर आहे. उंचीवर हवा विरळ, एप्रिल-मेच्या उन्हात ती आणखी विरळ. विरळ हवेत पंखांना उचल कमी मिळते आणि इंजिनाचा जोरही घटतो, म्हणून त्याच वजनाच्या विमानाला उडण्यासाठी जास्त लांब धावावे लागते. बंगळुरूची उंची पुण्यापेक्षाही जास्त, पण देवनहळ्ळीची धावपट्टी चार हजार मीटरची आहे. युरोपला जाणाऱ्या मोठ्या विमानात इंधनाचेच वजन काही डझन टन असते. पुण्याच्या धावपट्टीवरून तेवढे इंधन आणि भरलेली आसने दोन्ही घेऊन उडता येत नाही. एकाला कात्री लावावी लागते, आणि आसने रिकामी ठेवून कोणतीही कंपनी फार दिवस चालत नाही. म्हणजे पुणे आणि फ्रँकफर्ट यांच्यात ६,७०० किलोमीटरचे अंतर आहे हे खरे, पण तो प्रवास दहा तासांचा की अठरा तासांचा हे लोहगावच्या पूर्व-पश्चिमेच्या काहीशे मीटर जमिनीवर ठरते.

यावर जाणकारांचा पहिला आक्षेप असा की हे करून झालेले आहे आणि ते फसले. लुफ्तान्साने २००८ मध्ये फ्रँकफर्ट-पुणे सेवा सुरू केली होती. चाकण, पिंपरी-चिंचवड परिसरातल्या जर्मन वाहन उद्योगाच्या जोरावर ती अनेक वर्षे चालली आणि अखेर थांबली. मुंबई इतकी जवळ असताना पुण्यातून थेट लांब पल्ल्याचे विमान परवडणार नाही, असा निष्कर्ष त्यातून काढला जातो. माझ्या मते या अनुभवाचा अर्थ नेमका उलटा आहे. ती सेवा प्रायव्हटएअर या स्विस कंपनीच्या छोट्या विमानाने चालवली जात होती, मोजक्या आणि महागड्या आसनांची. डिसेंबर २०१८ मध्ये ती कंपनीच दिवाळखोरीत गेली. सर्वसामान्य प्रवाशासाठी स्वस्त आसने भरून नेणारे विमान त्या मार्गावर कधी उडालेच नाही, तेव्हा ते परवडत नाही हे सिद्ध झाले असे कसे म्हणायचे? उलट एवढ्या अडचणीतही ती सेवा इतकी वर्षे तगली, याचा अर्थ मागणी खरी होती. शिवाय विमानेही बदलली आहेत. एअरबसचे ए३२१ एक्सएलआर हे तुलनेने छोटे विमान ८,७०० किलोमीटरपर्यंत जाऊ शकते, आणि इंडिगोने अशी विमाने मागवलेली आहेत. तीनशे आसने रोज भरू न शकणाऱ्या शहरांसाठीच ते बनवले गेले आहे. व्हिस्ताराने डिसेंबर २०२२ मध्ये पुणे-सिंगापूर सुरू केले, त्यानंतर बँकॉकही जोडले गेले. सिंगापूर ३,८०० किलोमीटर, आजच्या धावपट्टीच्या आवाक्यातले. युरोपसाठी धावपट्टी वाढवावी लागेल. ती वाढवण्याची चर्चा वर्षानुवर्षे चालू आहे. भूसंपादन, आसपासच्या इमारतींची उंची, हवाई दलाच्या परवानग्या यांत ती रेंगाळली आहे. यांतली कोणतीही अडचण सुटण्यासारखी नाही असे नाही. ती सोडवण्याची घाई कुणाला नाही, कारण तिच्यामुळे वाया जाणारे तास कुठल्याच खात्याच्या हिशेबात दिसत नाहीत.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि त्याला नीट उत्तर द्यायला हवे. ज्या शहरात पीएमपीच्या थांब्यावर माणसे अर्धा-पाऊण तास ताटकळतात, तिथे विमानाने जाणाऱ्यांचे तास मोजत बसणे म्हणजे मूठभर सुखवस्तूंचे लाड नव्हेत का? पुणे विमानतळावरून आज वर्षाला सुमारे एक कोटी प्रवाशांची ये-जा होते. हे मूठभर राहिलेले नाहीत. त्यांत पहिल्यांदा परदेशी शिकायला निघालेली मुले आहेत, नागपूर किंवा पाटण्याला आजारी वडिलांना भेटायला निघालेले कामगार आहेत, आखातात नोकरीला जाणारे तरुण आहेत. लांब प्रवासाचा सर्वांत जास्त त्रास तर सत्तरी ओलांडलेल्या आईवडिलांना होतो: रात्री नऊला पुण्यातून टॅक्सी, घाटातला खोळंबा, मुंबईत मध्यरात्रीच्या रांगा, मग दुबई किंवा फ्रँकफर्टला विमान बदलताना चाकाच्या खुर्चीची वाट पाहणे. त्यांच्यासाठी चार तास वाचणे ही चैन नाही. आणि माणसांइतकाच मालाचाही प्रश्न आहे. मावळातल्या पॉलिहाउसमधले गुलाब फेब्रुवारीत युरोपला जातात ते तळेगावहून ट्रकने मुंबईला जाऊन. फुलाचे आयुष्य तासांतच मोजले जाते. राहिला बसथांब्याचा मुद्दा. दारापासून दारापर्यंतचे माप लावले की विमानतळाचा प्रश्न सार्वजनिक वाहतुकीचाच प्रश्न होतो. हिंजवडी ते लोहगाव हे पंचवीस किलोमीटर जलद आणि स्वस्त झाले तर त्याचा लाभ विमानात कधीच न बसणाऱ्यांना आधी होईल. त्या रस्त्यावर रोज अडकणारी बहुसंख्य माणसे तीच आहेत.

या मापाने गेल्या काही वर्षांतली कामे तपासली तर चित्र संमिश्र दिसते. नव्या टर्मिनलचे उद्घाटन १० मार्च २०२४ रोजी झाले आणि प्रवाशांसाठी ते १४ जुलैला उघडले. जुन्या इमारतीतली घुसमट त्याने कमी केली. २०२३ मध्ये आलेल्या डिजियात्रामुळे दारावरची रांग आखडली. या दोन्ही गोष्टी चांगल्या आहेत. पण त्यांनी वाचवली ती मिनिटे, आणि तास जातात ते बाहेर. मेट्रो मार्च २०२४ मध्ये रामवाडीपर्यंत आली. तिथून विमानतळ जेमतेम चार-पाच किलोमीटर. जून २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने याच मार्गाचा विस्तार मंजूर केला तो वाघोली-विठ्ठलवाडीच्या दिशेने. वाघोलीला मेट्रोची गरज आहेच, तिथल्या लोकसंख्येकडे पाहता त्याला विरोध करण्याचे कारण नाही. पण एक कोटी प्रवाशांचा विमानतळ हाकेच्या अंतरावर असताना मार्ग त्याला वगळून पुढे जातो, यातून कोणत्या गोष्टी मोजल्या जात नाहीत ते कळते. मेट्रो थेट टर्मिनलपर्यंत नेता येईपर्यंत एक साधी सोय करता येईल. रामवाडी स्थानकाच्या दारातून दर दहा मिनिटांनी, पहाटे चारपासून मध्यरात्रीपर्यंत, सामान ठेवायला जागा असलेली बस; आणि विमाने सर्वाधिक सुटतात त्या पहाटेच्या वेळेत मेट्रोची फेरी. वनाजहून रामवाडीचा वेळ मेट्रोत ठरलेला असतो. तो रस्त्यावर ठरलेला नसतो, आणि प्रवासी जी दीड-दोन तासांची जादा मुदत हाताशी ठेवतो ती या अनिश्चिततेपोटीच. सरासरी वेळ कमी करण्याइतकेच महत्त्व वेळ खात्रीचा असण्याला आहे.

नवी मुंबईचा विमानतळ ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन होऊन डिसेंबरअखेर सुरू झाला, आणि त्याने पुण्याचे गणित खरोखर बदलले आहे. वाकड-हिंजवडीच्या रहिवाशाला द्रुतगती मार्गाने तिथे पोचायला, घाट मोकळा असेल तर, सुमारे दोन तास लागतात. गर्दीच्या वेळी लोहगावला पोचायलाही त्याला दीड तास लागतोच. पिंपरी-चिंचवडसाठी नवी मुंबई हा लांब पल्ल्याचा स्वाभाविक विमानतळ ठरू शकतो. अट एकच: घाट मोकळा असेल तर. शनिवार-रविवारी, पावसात, एखादा ट्रक उलटला तर बोरघाटात किती वेळ जाईल ते कुणी सांगू शकत नाही. म्हणून या मार्गावर रेल्वेचा विचार गांभीर्याने व्हायला हवा. कर्जत-पनवेल लोहमार्ग अस्तित्वात आहे. पुण्याहून पनवेलला ठरलेल्या वेळी दिवसातून अनेकदा धावणारी गाडी आणि पनवेलहून विमानतळापर्यंत जोडबस, एवढ्याने लाखो पुणेकरांसाठी जगातली अनेक शहरे दोन-दोन तासांनी जवळ येतील. १९३० मध्ये डेक्कन क्वीन सुरू झाली तेव्हा मुंबई-पुणे प्रवास पावणेतीन तासांचा होता; आज तीच गाडी तीन तासांहून अधिक वेळ घेते. घाटातल्या मार्गिका वाढल्याशिवाय यात सुधारणा नाही, हेही मान्य केले पाहिजे. ते काम खर्चाचे आणि वेळखाऊ आहे, पण नव्या विमानतळाच्या खर्चापुढे ते नक्कीच विचारात घेण्याजोगे आहे.

उरतो पुरंदर. लोहगाव हवाई दलाचे आहे, तिथे वाढीला मर्यादा आहे, म्हणून नवा विमानतळ हेच अंतिम उत्तर, असे सांगितले जाते. लोहगावची मर्यादा खरी आहे आणि संरक्षणाची गरज नागरी सोयीच्या आधी येते, याबद्दल वाद नाही. पण नवा विमानतळ आपोआप वेळ वाचवत नाही. हैदराबादचे शमशाबाद आणि बंगळुरूचे देवनहळ्ळी हे दोन्ही विमानतळ २००८ मध्ये सुरू झाले. दोन्ही सुंदर, मोठे, लांब धावपट्ट्यांचे. पंधरा वर्षे उलटली तरी दोन्हीकडे मेट्रो पोचली नव्हती, आणि दक्षिण बंगळुरूतल्या माणसाला विमानतळ गाठायला लागणारा वेळ काही वेळा चेन्नईच्या उड्डाणाहून जास्त होतो. पुण्याच्या नव्या विमानतळाची जागा आधी चाकण, मग खेडच्या परिसरात शोधली गेली. २०१६ पासून पुरंदर ठरले. ते पुण्यापासून सुमारे चाळीस किलोमीटर, आणि मध्ये दिवे घाट. चाकणच्या कारखान्यातून किंवा हिंजवडीतून तिथे पोचायला किती वेळ लागेल? तो आजच्या लोहगावपेक्षा किती जास्त आणि नवी मुंबईपेक्षा किती कमी? धावपट्टीआधी रस्ता आणि रेल्वे होणार की नंतर? हे आकडे ठळकपणे लोकांसमोर ठेवले गेलेले नाहीत. पारगाव मेमाणे, खानवडी, मुंजवडी, एखतपूर, कुंभारवळण, वनपुरी आणि उदाचीवाडी या, विमानतळासाठी जमीन मागितलेल्या, सात गावांत अंजीर आणि सीताफळाच्या बागा आहेत. पुरंदरच्या अंजिराला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. मे २०२५ मध्ये तिथे जमिनीच्या ड्रोन सर्वेक्षणाला विरोध करणारे शेतकरी आणि पोलिस समोरासमोर आले. या लोकांकडे त्यांची जमीन मागताना सरकार प्रवासीसंख्येचे अंदाज आणि गुंतवणुकीचे आकडे सांगते. त्याआधी एक तक्ता त्यांच्यापुढे आणि पुणेकरांपुढे ठेवला पाहिजे: हडपसर, कोथरूड, हिंजवडी, चाकण आणि बारामती इथून दिल्ली, सिंगापूर, फ्रँकफर्ट आणि सॅन फ्रान्सिस्को, दारापासून दारापर्यंत, लोहगावची धावपट्टी वाढवली तर किती तास, नवी मुंबईला रेल्वेने जोडले तर किती, आणि पुरंदर झाले तर किती. त्या तक्त्यात पुरंदरचा रकाना सर्वांत कमी तासांचा निघाला, तर भूसंपादनाच्या बोलणीला निदान एक प्रामाणिक आधार मिळेल. तो तसा निघाला नाही, तर त्या बागांना हात लावण्याआधी सरकारला दुसरे कारण सांगावे लागेल.